आठ पोती सिमेंट

१८ नोव्हेंबर २०२४, लातूर

झाली एकदाची सही! तीन वर्षं फाईल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. आज शिवकुमार साहेबांनी पेन उचललं. साहेब आमचे उपअभियंता. सही करताना चेहरा असा केला होता की मी जणू त्यांच्या घराचं खरेदीखत मागतेय.

"एकच अंगणवाडी, मॅडम. ट्रायल म्हणून. उभी राहिली तर पुढच्या बावीस गावांना तुमचाच पाया. न्हाई राहिली तर ही फाईल माझ्यासमोर पुन्हा आणायची न्हाई."

उभी राहील की! आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरची भिंत दोन वर्षांत कोपऱ्यातून तडकते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ऑफिसचा उपाय काय, तर सगळी माती खणून काढा, मुरूम भरा, वर दणदणीत पाया घाला. त्याचा खर्च इतका की मंजूर अंगणवाड्याही कागदावरच राहतात आणि पोरं देवळाच्या ओट्यावर खिचडी खातात. माझा पाया साधा आहे. हाताने फिरवायच्या ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटानेच, बारा भोकं पाडायची, खालच्या घट्ट मुरमापर्यंत. त्यात सळई आणि काँक्रीट. बारा खांबांच्या डोक्यावर बीम, आणि बीमखाली चार बोटं मोकळी जागा. फुगू दे माती काय फुगायची ती. निम्म्या खर्चात इमारत.

अप्पांना सांगितलं. माझे वडील, मोंढ्यात चाळीस वर्षं ज्वारीची आडत केलेला माणूस. जेवता जेवता म्हणाले, "बाई, जमीन नीट बघून घे." म्हणजे मी एम.टेक. कशात केलंय, भरतकामात?

२ डिसेंबर

येरंडवाडीला जाऊन आले. शिरूर अनंतपाळच्या पुढं, फाट्यावरून आत. सरपंच शरणप्पांनी दोन जागा दाखवल्या. एक गायरानातली, काळीवरची. दुसरी जुन्या गावाच्या कडेला, पांढरीवर. मी पांढरी घेतली. घरं पांढरीवर आणि शेती काळीवर, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. त्यात रस्ता जवळ, पोरांना सोपं.

मातीचे नमुने दोन ठिकाणचे घेतले. चार कोपऱ्यांचे चार घ्यायला हवे होते. पण मशीन एकाच दिवसासाठी मिळालं होतं आणि त्यातला अर्धा दिवस शरणप्पांच्या चहापाण्यात गेला. दोन्ही नमुने झकास आलेत.

शेजारच्या दारात सरजाबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. "हितं लई ज्वारी असायची बाई आमची," म्हणाली. मी म्हटलं, शेत होतं का? तर बोळक्या तोंडानं हसली नुसती. मला वेळ नव्हता.

११ डिसेंबर

गवंडी मिळाला. चांदपाशा, शिरूरचा. साठी उलटलेली, पांढरी दाढी. या पट्ट्यातली अर्धी घरं त्याच्या हातची. सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणायला लागले.

पण काय हो माणूस! आखणी करायला सांगितली, तर हा पहार घेऊन प्लॉटभर फिरायला लागला. दर हातावर पहार आपटायची, मान तिरपी करून ऐकायचं, पुढं सरकायचं. तासभर हेच. मी सावलीत उभी राहून बघत होते.

"म्याडम, ह्या वायव्येच्या कोन्याला आवाज बरुबर न्हाई. पोकळ वाजून राहिलंय."

"चाचा, माझ्याकडं रिपोर्ट आहे."

"रिपोट बरुबर आसंल की. पर ते त्या दोन जाग्याचं हाय."

अंगाची नुसती लाही झाली. नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं म्हाताऱ्यानं. पहार आपटून पाया ठरणार असेल तर माझी डिग्री चुलीत घालते आणि पोळ्या लाटते. तसं तोंडावर बोलले नाही. फक्त म्हटलं, आखणी करा. त्यानं निमूट केली.

१९ डिसेंबर

अकरा भोकं देखणी झाली. बारावं वायव्येचं. आठ फुटांवर ऑगर सपकन हातभर खाली गेला, फिरवणारे दोघं तोंडावर पडता पडता वाचले. वर आला तेव्हा पात्याला काळपट भुगा होता. वास ओळखीचा वाटला, अप्पांच्या बंद गोदामासारखा कुबट.

चांदपाशा बसला भोकाशी. चिमूटभर भुगा हुंगला आणि म्हणाला, "पेव हाय म्याडम. जुनं पेव हाय ह्ये. उघडून बघू, न्हाईतर समदी इमारत चार हात फुडं सरकवू."

पेव म्हणजे जुन्या लोकांचं ज्वारी साठवायचं तळघर. वर अरुंद तोंड, आत रांजणाएवढं नाही, चांगलं खोलीएवढं पोट. अप्पा सांगतात त्या गोष्टी. आता कुठं राहिलीत पेवं! मी शरणप्पांना विचारलं. ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "कुटलं पेव अन्‌ काय. मातीच मऊ आसंल. तुमी काम थांबवू नका बरं का, मग ही अंगणवाडी पलीकडच्या गावाला जाती."

मलाही तेच पटतं. मऊ जागा आहे. जुनी भर. उघडून बघायचं म्हणजे पंधरा दिवस, नवा नकाशा, नवी मंजुरी. सहा जानेवारीला साहेब बघायला येणार. पहिल्याच ट्रायलला "मॅडमचं डिझाईन फसलं" म्हणायला ऑफिसात सगळे टपून बसलेत. उद्या काँक्रीट भरा म्हणून सांगून आले. मऊ जागेत काँक्रीट थोडं जास्त जाईल, जाऊ दे.

२३ डिसेंबर

आज पोती मोजली. एका खांबाला दोन पोती सिमेंट लागतं. अकरा खांबांचा हिशेब चोख. बाराव्याला आठ पोती! मी त्या दिवशी लातुरात मीटिंगला होते. चाचाचे तीन फोन येऊन गेलेले, मी घेतले नाहीत. साहेबांसमोर फोन घेता येतो का?

चाचाला विचारलं. म्हणतो, "खाऊन राहिलं होतं म्याडम, भरतच न्हवतं. तुमी भर म्हणाल्या, मी भरलं."

एवढंसं भोक आठ पोती खातं? शरणप्पा बाजूलाच होते. म्हणाले, "मॅडम, त्याच्या पुतण्याचं घर चालू हाय शिरूरला. मी काय म्हणत न्हाई, पर ह्या लोकांचं..." पुढचं मी ऐकलं नाही. मी तसली नाही. आमच्या गल्लीत हुसेनबीच्या घरचा शीरखुर्मा खाऊनच वाढलेय मी. पण सहा पोती गेली कुठं, हा प्रश्न तर आहेच ना! जातधर्माचा संबंधच नाही, हिशेबाचा आहे.

२४ डिसेंबर

तक्रार लिहून दिली. लिहावीच लागली. ट्रायलच्या कामात सहा पोत्यांचा हिशेब लागत नाही हे माझ्याच अंगावर आलं असतं.

चांदपाशाला पारासमोर बोलावलं होतं. पंधरावीस माणसं जमलेली. एवढी जमायची गरज नव्हती, शरणप्पांनी जमवली. चाचानं आवाज चढवला नाही. "पोती जिमिनीच्या पोटात हायती," एवढंच म्हणाला. कोणीतरी हसलं. मग त्यानं थापी, ओळंबा, पहार पोत्यात गुंडाळली. जाताना अंगणवाडी सेविका अंबिकाशी दोन मिनिटं बोलला, आणि गेला.

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? वयानं मोठा माणूस. पण चोरी ती चोरीच.

६ जानेवारी २०२५

साहेब आले. पाया बघितला. "वा मॅडम!" म्हणाले. पहिल्यांदा बरं का, तीन वर्षांत पहिल्यांदा! येताना उदगीर फाट्यावर भजी खाल्ली सगळ्यांनी. आज अप्पांसाठी पेढे नेले.

१४ फेब्रुवारी

फरशीखालच्या काँक्रीटवर सकाळी पाणी साठवून ठेवायला सांगते, दुपारी वायव्येचा कोपरा कोरडाठाक. नवा गवंडी कामचुकार आहे. पाणीच मारत नाही आणि मारलं म्हणतो. हात टेकले या लोकांपुढं.

२७ एप्रिल

उद्‌घाटन. फीत, नारळ, शरणप्पांचं पाऊण तास भाषण. भिंतीवर हत्ती, मोर, पाढे. अठ्ठावीस पोरं नवीन सतरंजीवर बसली होती आणि एक चिमुरडी सारखी फरशीला गाल लावून बघत होती, गार लागते म्हणून. मला भरून आलं. यासाठीच केला होता सगळा अट्टहास.

२३ जून

पाहणीला गेले. वायव्येला, म्हणजे स्वयंपाकाच्या बाजूला, भिंतीत केसाएवढी चीर. प्लास्टरची आहे. पुट्टी भरून घेतली, रंग मारला.

अंबिकाचं एक कळेना. एवढी मोठी खोली, आणि पोरं सगळी दाराकडं दाटीवाटीनं. पावसाची भुरभुर नसली तर थेट व्हरांड्यात. वायव्येला मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्यात. मी म्हटलं, "अगं, जागा वाया का घालवतेस?" तर म्हणाली, "ओल येती म्याडम तिकडं." ओल कुठली डोंबलाची! हात लावून बघितला. कोरडं होतं.

१९ ऑगस्ट

दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस. आज सकाळी उघडीप झाली आणि अकरा वाजता वायव्येची फरशी खचली. खोलीभर रुंद खड्डा. कोपऱ्यातला खांब आणि दोन्ही बाजूंची भिंत कलली.

पोरं व्हरांड्यात होती. सगळीच्या सगळी. एकालाही खरचटलं नाही. अंबिका खिचडीचं पातेलं आणायला आत गेली होती, ती फरशीबरोबर खाली गेली. डावा पाय मांडीत मोडला.

दवाखान्यात भेटले. पाय लटकवून ठेवलेला. मी म्हटलं, देवाची कृपा, पोरं बाहेर होती.

"देवाची कशाची म्याडम," ती म्हणाली. "चांदपाशा चाचा जाताना सांगून गेलते. बेटी, त्या कोन्यात लेकरं बसवू नको, कुणी कायबी म्हणू दे. मी एक दिस बसवली न्हाईत." मग भिंतीकडं तोंड केलं तिनं.

२१ ऑगस्ट

खड्डा मोकळा केला. पेवच आहे. दगडी तोंड, आत गोल पोट, शेणानं सारवलेल्या भिंती अजून तशाच. तळाला कुजक्या कडब्याचा थर, आणि त्या थरावर, ढिगासारखं पसरून घट्ट झालेलं, माझं काँक्रीट.

शिडी लावून खाली उतरले. टेप लावला. लांबी, रुंदी, उंची. वरच्या खांबाचं वजा केलं. तिथंच गुडघ्यावर वही ठेवून गणित मांडलं. दुसऱ्यांदा मांडलं. सहा पोती. थोडंसुद्धा इकडं तिकडं नाही. एक पोतंही कुठं गेलं नव्हतं.

वर आले तेव्हा सरजाबाई काठी टेकून उभी होती. "हितंच व्हती की ज्वारी," म्हणाली.

शरणप्पांना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या आजोबाच्या टायमाचं पेव हाय. समद्या गावाला ठावं."

"मग मी विचारलं तेव्हा..."

"मॅडम, तुमी इतकी मशीन आणली, एवढं शिकल्यात. आमाला वाटलं तुमाला दिसलंच आसंल. आन्‌ सांगितलं आसतं तर अंगणवाडी ऱ्हायली आसती का गावात?"

थोबाडीत मारावीशी वाटली. कुणाच्या, ते आत्ता लिहिताना नीट सांगता येत नाही.

२६ ऑगस्ट

साहेबांनी दार लावून घेतलं. "पाया फसला का?" म्हणाले. मी म्हटलं, नाही, अकरा खांब सुतात आहेत, केसभर हलले नाहीत. जागा फसली. "मग झालं! डिझाईन चांगलंय. तुमच्याच तक्रारीत लिहिलंय, गवंड्यानं सिमेंट खाल्लं. चौकशीला कारण हवंय, ते आपल्याकडं आधीपासून फायलीत आहे. बावीस गावं, मॅडम. विचार करा."

मी म्हटलं, सिमेंट सापडलंय साहेब, पेवात आहे.

"कुणी बघितलं?"

"मी."

"मोजमापाची नोंद केलीय कुठं?"

माझ्याच वहीत केलीय. ऑफिसच्या नाही.

३१ ऑगस्ट, उमरी

नांदेडपर्यंत एसटीनं, पुढं रेल्वेनं उमरी. चांदपाशा शिरूर सोडून इथं दुसऱ्या पुतण्याकडं, कलीमकडं राहतो असं कळलं. रविवार असूनही कामावर होता. कुणाच्या तरी दुसऱ्या मजल्याची वीट रचत होता. मला बघून खाली उतरला, हात धुतले, कुणाकडून तरी खुर्ची मागून आणली. स्वतः विटांच्या थप्पीवर बसला.

पहिलं वाक्य त्याचं: "अंबिकाचा पाय कसा हाय?"

मी सगळं सांगितलं. मोजल्याचंही. रडले. येताना एसटीत ठरवलं होतं रडायचं नाही.

त्यानं थप्पीतली एक वाकडी वीट सरळ केली. मग म्हणाला, "चाळीस वरसं झाली, कुनाचा खिळा उचलला न्हाई. आता बाजारात 'पोतीवाले चाचा' म्हणत्यात. उजमाच्या सासरपोतर गेलं ते. पोरगी ईदला आली न्हाई, सासू पाठवंना." उजमा त्याची धाकटी. "मला पैसा नको, काम नको. त्याच पारावर एकदा सांगा, पोती सापडली म्हून. तुमच्या तोंडानं. तेवढंच."

सांगते म्हणाले. त्याचा हात धरून म्हणाले. त्या वेळी अगदी मनापासून म्हणाले.

चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही त्यानं.

४ सप्टेंबर

चौकशीचा फॉर्म भरला. अकरावा रकाना: काम चालू असताना जमिनीबाबत कोणी सूचना दिली होती काय?

सकाळपासून तोच रकाना समोर घेऊन बसले होते. 'होय' लिहिलं तर मी संपले, ते एक वेळ चालेल. पण फाईलही संपते. बावीस गावांतली पोरं ओट्यावर. एका म्हाताऱ्याची अब्रू एका बाजूला, पाचसहाशे लेकरांचं छत दुसऱ्या बाजूला. काय करायला हवं होतं मी? कुणीही हेच केलं असतं. साहेबांनी केलं असतं. ते तर इतका वेळ बसलेही नसते.

'नाही' लिहिलं. कारणाच्या रकान्यात: गवंडीकामातील हलगर्जीपणा व साहित्याची अफरातफर, पूर्वीची तक्रार सोबत जोडली आहे.

अप्पांनी जेवायला हाक मारली. भूक नाही म्हटलं. "अंगणवाडीचं मिटलं का?" त्यांनी विचारलं. मिटलं म्हटलं.

९ सप्टेंबर

पेव मुरमानं बुजवलं. काँक्रीट आतच आहे. फोडून वर काढायचं तर फार खटाटोप झाला असता. पाराजवळून गाडी गेली. बसलेली माणसं उठून उभी राहिली, नमस्कार केला. मी काच खाली केली नाही. पुढच्या वेळी सांगेन. हे सगळं थंड झालं की.

अंबिकाचा फोन आला होता. अहवाल ग्रामपंचायतीत लावलाय म्हणे. "वाचलं," म्हणाली, आणि ठेवून दिला.

२० नोव्हेंबर

बावीसपैकी पहिलं गाव, औराद रस्त्याला. फाईल मंजूर, माझ्या नावानं. यावेळी मी चार नाही, सहा ठिकाणचे नमुने घेतले. ऑगर स्वतः उभी राहून फिरवून घेतला. पण हीही जागा पांढरीच्या कडेला आहे.

गवंडी रामकिशन, पन्नाशीचा, उदगीरकडचा. चांगला हात आहे म्हणतात. मी विचारलं, पहार आहे ना? तो म्हणाला, हाय की. म्हटलं, मग आपटून बघा सगळीकडं, कुठं पोकळ वाजतंय का.

त्यानं माझ्याकडं बघितलं. बाकीचे दोघं मजूरही बघायला लागले. येरंडवाडीची गोष्ट या सगळ्या पट्ट्यात पोचलीय, हे मला तेव्हा कळलं.

रामकिशननं पहार घेतली. दर हातावर आपटत पूर्ण प्लॉट फिरला. मला त्यातलं काही कळत नाही. मला सगळीकडं सारखाच आवाज आला. ईशान्येला एका जागी तो थांबला. दोनदा आपटली, तिसऱ्यांदा आपटली. मग पहार खांद्यावर टाकून परत आला.

"काय झालं तिथं? कसा आवाज आला?"

"बरुबर हाय."

"खरं सांगा रामकिशन. मी काही बोलणार नाही तुम्हाला."

त्यानं पहार खाली ठेवली, हात झटकले. उर्मटपणानं नाही, अगदी अदबीनं विचारलं त्यानं.

"तुमाला कसा यायला पायजे म्याडम? तुमी सांगा, तसा आला म्हणतो."

मी ईशान्येला जाऊन उभी राहिले. पायानं दाबून बघितलं. उद्यापासून काम सुरू करायचं आहे.